पागाच्या गोळ्या घरी ओतायच्या आहेत – पळी कोणती, शिसं कुठलं?

कळव्याचा_पागवाला
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले, आता कळव्याला फ्लॅटमध्ये. बाबा गेल्यावर माळा आवरायला काढला तेव्हा त्यांचा पाग, म्हणजे हातानं फेकायचं मासे पकडायचं गोल जाळं, सापडला. जाळं उंदरांनी खाल्लंय, पण खालच्या घेराच्या शिशाच्या गोळ्या बऱ्याचशा शाबूत आहेत. सोबत गोणपाटात गुंडाळलेला पितळी साचा. सांडशीसारखा उघडतो, दोन्ही पाती मिटली की मधे सहा गोळ्यांची घरं तयार होतात. प्रत्येक घरातून एक तार आरपार जाते, दोरी ओवायचं भोक राहावं म्हणून. वरच्या काठाला पन्हळ आहे, शिसं तिथून ओतायचं असणार. बाबांना ओतताना मी पाहिलंय, पण तेव्हा वय सात-आठ आणि लक्ष सगळं आंबोशीकडे.

आता नवीन जाळं विणून घेतलंय, अडीच मीटर त्रिज्येचं. म्हणजे घेर साधारण १५.७ मीटर. दर दहा सेंटिमीटरला एक गोळी धरली तर १५७ लागतात. वीस ग्रॅमची एक धरली तर तीन किलोच्या थोडं वर शिसं. जुन्या गोळ्या नव्वदच निघाल्या, त्यातल्या काही चेपलेल्या. म्हणून सगळ्याच वितळवून पुन्हा एकसारख्या ओताव्यात असा विचार आहे.

बेत असा: लोखंडी कढई, घरचा गॅस, डाळीचं एक जुनं ओगराळं, आणि जागा गॅलरी. बायको मुलाला घेऊन चार दिवस माहेरी गेली आहे, तेवढ्यात उरकून टाकायचं. कोणी केलंय का हे? ओगराळं चालेल की वेगळी पळी घ्यावी?

शंकेखोर
"गोळ्या ओतायच्या आहेत" एवढंच वाचून मी आधी दार लावून घेतलं. मग "पागाच्या" दिसलं.

चार_पॉइंट_पाच
हसण्यावारी नेऊ नका, शीर्षकात "पागाच्या" आहे ते बरंच आहे. मी एअर रायफलवाला. आमच्याकडेही नवीन पोरं विचारतात, "सर, छर्रे घरी ओतता येतील का?" एक तर एअर रायफलचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे ओतलेले नसतातच, थंड शिशाच्या तारेचे तुकडे ठशात दाबून करतात. घरी पळीनं ओतलेला छर्रा दहा मीटरवर कुठे जाईल ते देवाला ठाऊक. आणि खऱ्या बंदुकीच्या गोळ्या म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा आहे. हौस म्हणून केलं हे कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा या धाग्यात जाळ्याच्याच गोळ्या राहू देत.

पागवाले, तुमच्या कामाला त्या कायद्याशी काही देणंघेणं नाही. फक्त शेजाऱ्यांनी विचारलं तर "गोळ्या ओततोय" म्हणू नका, "जाळ्याची वजनं" म्हणा.

दिवाळे_दादूस
दादूस, घरान नको ओतू. आमच्या दिवाळे गावाला म्हातारे समदे बंदरावर ओतायचे, तीन दगडांची चूल मांडून. वारा पाठीवर घ्यायचा. वारा फिरला की उठून दुसऱ्या अंगाला बसायचं. पोरांना हाकलून द्यायचे, आमी लांबून बघायचो. ग्यालरीन काय, धूर तुझा वरच्या मजल्यावर जानार नि शिशाची मळी तुझ्याच लादीवर पडनार.

साचा पितळी हाय तर नशीबवान हायस. आमच्याकडं लाकडाचा होता, धा-बारा वेळा ओतला की घरं जळून मोठी व्हायची. मग गोळ्या पण मोठ्या.

रबाळे_शॉपफ्लोअर
रबाळ्याला डाय-कास्टिंगच्या (वितळलेला धातू दाबानं साच्यात भरायच्या) शॉपमध्ये वीस वर्षं काढली आहेत. आमचं काम झिंक आणि अ‍ॅल्युमिनियमचं, पण धातू ओतण्याची तऱ्हा तीच. जरा सविस्तर लिहितो.

आधी ओगराळ्याचं. शिशाची घनता ११.३४, म्हणजे पाण्याच्या सव्वाअकरा पट. ज्या ओगराळ्यात शंभर मिली डाळ मावते त्यात किलोभर शिसं मावतं. डाळीच्या ओगराळ्याचा दांडा वाटीला दोन ठिपके वेल्डिंग मारून चिकटवलेला असतो, तो किलोभर वजनासाठी केलेला नाही, आणि तापल्यावर तर नाहीच. दांडा वाकला की ते शिसं तुमच्या पायावर. लहान, जाड पत्र्याची लोखंडी पळी घ्या, पन्नास मिलीच्या आतली, दांडा रिव्हेटचा किंवा एकसंध, आणि एका बाजूला चोच काढून घ्या. कोणताही वेल्डर दोन मिनिटांत चिमटा मारून चोच काढून देईल. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, कल्हईचं तर अजिबात नको. कथील २३२ अंशालाच वितळतं, कल्हई तुमच्या शिशात उतरेल.

कढईही मोठी नको. तीन किलो शिसं म्हणजे जेमतेम पावणेतीनशे मिली, दीड कप चहा. मोठ्या कढईत ते तळाला पसरतं, हवा जास्त लागते, साय जास्त धरते. लहान, खोल, जाड बुडाचं लोखंडी पातेलं बरं. घरच्या गॅसच्या शेगडीवर नको, तिच्या जाळीच्या पायांवरून भांडं सरकतं. विटांवर पक्कं बसणारी शेगडी बघा.

तापमान. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. साच्यात नीट भरायला ३५० ते ४०० पुरे. त्याच्या वर चढवत नेलं की दोन गोष्टी होतात. साय भराभर धरते आणि वाफा वाढतात. ५०० च्या पुढे वाफांचा प्रश्न गंभीर होतो. गॅसची ज्योत या सगळ्यापेक्षा कितीतरी गरम असते, त्यामुळे शिसं वितळलं की ज्योत बारीक करायची. लोक तिथेच चुकतात, "अजून जरा पातळ होऊ दे" म्हणत राहतात.

आता ओतणं. पहिल्या दोन-तीन वेळच्या गोळ्या बिघडणारच, मनाला लावून घेऊ नका. साचा थंड असतो. शिसं घराच्या भिंतीला लागल्याबरोबर गोठतं आणि गोळी म्हाताऱ्याच्या गालासारखी सुरकुतते. साचा पातेल्याच्या काठावर टेकवून आधी तापवून घ्या. पळीसुद्धा शिशात बुडवून तिथेच ठेवा. थंड पळीत घेतलेलं शिसं पळीतच आळतं. साच्याच्या आतून मेणबत्तीची काजळी धरा, गोळी सुटायला सोपी जाते आणि कोपरे नीट भरतात. याउलट गोळी दहिवर पडल्यासारखी पांढुरकी, खरखरीत निघाली तर शिसं किंवा साचा फार तापलाय, दोन मिनिटं थांबा.

ओतताना धार अखंड हवी. एका घरात अर्धं, मग हात थांबला, मग उरलेलं, असं केलं तर मधे चिरेसारखी रेघ राहते आणि गोळी तिथेच तुटते. पन्हळ काठोकाठ भरून वर थोडा फुगवटा राहू द्या. शिसं गोठताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं, ती तूट हा फुगवटा भरून काढतो. फुगवट्याची चमक जाऊन तो मलूल दिसायला लागला की गोठला. मग तार पकडीनं ओढायची, साचा उघडायचा. तार गार होऊ दिली तर निघता निघत नाही. वरचा पन्हळीचा दांडा कापून पुढच्या खेपेसाठी बाजूला ठेवायचा.

मळी काढण्याबद्दल: वितळलेल्या शिशात हरभऱ्याएवढा मेणाचा तुकडा टाकायचा आणि लोखंडी सळीनं ढवळायचं. भपकन पेट घेतं, दचकू नका आणि तोंड वर नेऊ नका. त्यानं चांगला धातू खाली जातो, वर राखेसारखी करडी भुकटी उरते. ती झाऱ्यानं काढून पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवायची. सगळ्यात वाईट गोष्ट तीच भुकटी आहे, वितळलेलं शिसं नव्हे.

कळव्याचा_पागवाला
बापरे, कोर्सच झाला. धन्यवाद दादा. पन्नास मिलीची पळी शोधतो.

एक शंका. जुन्या गोळ्यांना खाडीचा चिखल आणि नायलॉनचे धागे चिकटलेत. त्या धुऊन लगेच कढईत टाकल्या तर चालेल ना? पाऊस आहे, वाळायला वेळ लागतोय.

दिवाळे_दादूस
नाय नाय नाय. आदी वाच हे.

माझ्या मामाची गोष्ट सांगतो. श्रावनातले दिवस. जुन्या पागाच्या गोळ्या कापल्या, बादलीन धुतल्या, फडक्यानं पुसल्या. वरून कोरड्या दिसत व्हत्या. चुलीवर शिसं आदीच वितळलेलं, मामानं मूठभर गोळ्या वरून सोडल्या. एवडाच आवाज आला, भप् म्हनून. फटाक्यासारका नाय, दबलेला. नि सगळं शिसं भांड्यातून वर. मामाच्या हातावर, मानेवर, गंजीवर. गंजीला लागलं तिथं भोकं नि भोकांखाली कातडं. डोला वाचला कारन तो तवा मामीकडं बघून कायतरी बोलत व्हता. आज पन त्याच्या मनगटावर तांदळाएवडे पांडरे डाग हायत, मोजले तर इसेक भरतील.

पानी गोळीच्या भोकान व्हतं. दोरीचं भोक. फडकं तितं जात नाय.

रबाळे_शॉपफ्लोअर
दादूसनं लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याची वाफ होताना ते साधारण सोळाशे-सतराशे पट जागा मागतं. शिशाच्या पृष्ठभागाखाली गेलेला एक थेंबसुद्धा एका क्षणात वाफ होतो आणि वरचं सगळं शिसं उडवतो. शॉपमध्ये आमच्याकडे पावसाळ्यात भंगार भट्टीच्या काठावर तासभर तापवल्याशिवाय आत जायचं नाही, लोखंडी सळीसुद्धा नाही.

तुमच्यासाठी सोपा उपाय: जुन्या गोळ्या थंड पातेल्यात, शिसं नसताना, आधी भरा आणि मग खालून ज्योत लावा. पाणी असेल ते शिसं वितळायच्या कितीतरी आधी उडून जाईल. नायलॉनचा धागा जळून घाण धूर होईल, तो उघड्यावर होऊ द्या. एकदा वितळलं की त्यानंतर पातेल्यात आणखी गोळ्या किंवा धातू टाकायचा नाही. कमी पडलं तर ओतून संपवा, थंड करा, पुन्हा भरा. कपाळावरचा घाम, छत्रीचं पाणी, गॅलरीतल्या वरच्या मजल्याच्या एसीची नळी, सगळं बघा.

हातात चामड्याचे मोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट. पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. चष्म्यावरून मोठा गॉगल.

शंकेखोर
मग ते जुने छर्रे बनवायचे मनोरे? शिसं उंचावरून पाण्यातच सोडायचे म्हणे.

चार_पॉइंट_पाच
बरोबर वाचलंयत. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं १७८२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. उंचावर चाळणीतून शिसं सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतो, खाली पाण्यात पडून थंड होतो. पण तिथे शिशाचा बारीक थेंब भरपूर पाण्यात पडतो. इथे पाण्याचा थेंब भरपूर शिशाखाली अडकतो. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरी बादलीत शिसं ओतून बघू नका, तेही उडतं.

निवृत्त_जुळारी
ठाण्याच्या स्टेशन रोडवरच्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. छपाई ऑफसेटवर गेली तशी आमची जमात संपली. तुमचा धागा वाचून हात शिवशिवले.

बाळा, भंगारात तुला खिळे मिळतील, कोणी तरी दाखवेल आणि म्हणेल "शिसंच आहे, घे स्वस्तात". घेऊ नकोस. खिळ्यांचा धातू निव्वळ शिसं नसतो. त्यात अँटिमनी आणि कथील असतं. अँटिमनीनं धातू कडक होतो आणि गोठताना फारसा आकसत नाही, म्हणून मात्रेचं टोक, अनुस्वाराचा ठिपका साच्यात होता तसा उतरतो. कथिलानं धातू पातळ धावतो. अक्षराला हे हवंच, नाहीतर दाबाखाली "क"चं पोट बसलं असतं. पण तुझ्या जाळ्याला त्याचा उपयोग नाही. खिळा वाकत नाही, तुटतो. दगडावर आपटला की तुझी गोळी दुभंगेल. शिवाय वजनाला हलका.

पारखायची रीत सांगतो. नखानं ओरखडा काढ. चटकन चरा पडला आणि कागदावर घासल्यावर करडी रेघ उमटली तर शिसं मऊ. लादीवर टाक. "थप्" वाजलं तर शिसं, "टिण्ण" वाजलं तर दुसरं काही तरी. (आणि हो, शिसपेन्सिलीची रेघ करडी असते म्हणून तिच्यात शिसं असतं असं नाही. ते ग्रॅफाइट. नावच तेवढं चिकटलं.)

तापमापक नसेल तर आमच्या वेळची युक्ती. वर्तमानपत्राच्या कागदाची घट्ट पुंगळी करून कडेला क्षणभर बुडवायची. कागद खमंग भाजल्यासारखा तांबूस झाला तर बरोबर. काळा पडून धुमसला तर जाळ कमी कर. कागद मात्र ठणठणीत कोरडा, ते वर दादूसनं सांगितलंच आहे.

आमच्या धंद्यातलं मोठं नाव जावजी दादाजी. १८६४ साली त्यांनी मुंबईत खिळे ओतायचा कारखाना काढला, पाच वर्षांनी निर्णयसागर छापखाना. त्या काळी एकेक अक्षर पळीनंच ओतलं जाई. साचा हातात, पळीनं थेंबभर धातू, आणि लगेच साच्याला वर एक हिसका, धातू तळापर्यंत जावा म्हणून. देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागत, जोडाक्षरं आणि मात्रा धरून. म्हणजे किती हिसके, विचार कर.

कळव्याचा_पागवाला
काका, मजा आली वाचताना. खिळे घेत नाही. पण एका मित्राकडे गाड्यांच्या चाकांची वजनं आहेत डबाभर, ती चालतील का? आणि इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे, तिच्यात तर शिसंच शिसं.

रबाळे_शॉपफ्लोअर
चाकांची वजनं आता भेसळीची असतात. काही शिशाची, काही झिंकची, काही लोखंडाची. लोखंडाची चुंबकानं निवडा. झिंक नखानं चरत नाही. चुकून एखादं राहिलंच तर झिंक ४२० अंशाला वितळतं, त्यामुळे जाळ कमी ठेवला तर ते न वितळता वर तरंगतं, झाऱ्यानं काढून टाका. जाळ वाढवून ते एकदा शिशात मिसळलं की सगळ्याची लापशी होते, साच्यात धड भरत नाही. वजनांच्या शिशातही थोडं अँटिमनी असतं, पण जुन्या गोळ्यांत मिसळून चालून जाईल.

बॅटरीला हात लावू नका. सल्फ्युरिक आम्ल, शिशाचं सल्फेट, जाळ्यांमध्ये अँटिमनी, आर्सेनिक किंवा कॅल्शियम. तिची मळी ओली झाली तर विषारी वायू निघू शकतात. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत ठिकाणीच परत करायची असते, विकणारा दुकानदार जुनी घेऊन किंमत वळती करतो. सत्तर गोळ्यांसाठी एवढा उपद्व्याप कशाला?

सानपाड्याची_आई
मी सहसा इथे लिहीत नाही, नुसती वाचते. पण "बायको मुलाला घेऊन माहेरी गेली आहे तेवढ्यात" हे वाचून राहवलं नाही.

माझ्या नवऱ्याला गळाचा नाद. दोन वर्षांपूर्वी हेच, गॅलरीत, स्टोव्हवर, पळीनं गळाची वजनं ओतायचा. महिन्यातून एखाद्या रविवारी. मी आणि लेक तेव्हा घरात नसायचो, तो काळजी घेतो असंच मला वाटे. काम झालं की झाडूनं गॅलरी झाडून घ्यायचा. मी त्याच गॅलरीत कपडे वाळत घालायची. लेक त्याच गॅलरीत बसून भातुकली खेळायची, दीड वर्षाची होती, सगळं तोंडात.

तिला भूक लागेना, पोट दुखतं म्हणून रडायची, शी घट्ट. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं. लोह सुरू केलं, फरक पडेना. मग एका बाईंनी सहज विचारलं, "घरात रंगकाम, बॅटरी, भंगार असं काही?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रक्तातलं शिसं १४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा त्याहून जास्त निघालं की त्याचा उगम शोधून बंद करा असं सांगते, आणि सुरक्षित अशी पातळीच नाही असंही सांगते.

औषधानं शिसं काढायची वेळ नव्हती, ते बऱ्याच वरच्या पातळीला देतात. उगम बंद करा, लोह-कॅल्शियम नीट द्या, पुन्हा तपासा, एवढंच सांगितलं. गॅलरी ओल्या फडक्यानं पुसली, पुन्हा पुन्हा, फडकी फेकून दिली. पायपुसणी, उशा, खेळणी, सगळं. सात महिन्यांनी ६ आलं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं बरंचसं बाहेर पडतं. लहान मुलांची शरीरं चार-पाच पट जास्त शोषून घेतात, हे मला तेव्हा कळलं.

ती आता बरी आहे, बडबडी आहे. पण शाळेत अक्षर विसरली की माझ्या पोटात गोळा येतो. सगळी मुलं विसरतात, मला माहीत आहे.

दादा, मूल चार दिवसांनी परत येणार आहे. भुकटी चार दिवसांनी जात नाही.

शंकेखोर
ताई, हे शीर्षकातच लिहायला हवं होतं.

निवृत्त_जुळारी
मुली, तुझं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे छापखान्यात मालक संध्याकाळी पेलाभर दूध द्यायचे, "शिसं बाधत नाही" म्हणून. काही जण गुळाचा खडा चघळायचे. आम्ही पिऊन टाकायचो आणि त्याच हातांनी डबा उघडायचो. आमच्यातल्या दोघांचे हात पुढे मनगटातून लुळे पडले, पंजा उचलेना. तेव्हा वाटलं म्हातारपण.

चार_पॉइंट_पाच
काका, दुधानं किंवा गुळानं शिसं जात नाही. शरीरात कॅल्शियम-लोहाची कमतरता असेल तर शिसं जास्त शोषलं जातं हे खरं, म्हणजे पोट भरलेलं आणि खाणं नीट असलेलं बरं, इतकंच. पेलाभर दूध पिऊन हात न धुता भाकरी खाल्ली तर उपयोग शून्य. आमच्या रेंजवर पहिला नियम हाच: छर्रे हाताळले की साबणानं हात, मग पाण्याची बाटली. मनगट लुळं पडणं ही शिशाची जुनी ओळखीची खूण आहे, डॉक्टरांच्या पुस्तकात असते.

आणखी एक. गळवाले बारीक शिसं दाताखाली धरून दोऱ्यावर चेपतात. मी स्वतः पाहिलंय, ऐरोलीच्या पुलाखाली. पकड वापरा रे.

दिवाळे_दादूस
हे खरं हाय. मी पन दातानंच चेपायचो. आता बंद.

खारफुटी
मध्येच बोलतो. शिशाची वजनं खाडीत राहिली की पक्षी खडे समजून गिळतात. इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले म्हणून १९८७ साली मासेमारीच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळालाय. फ्लेमिंगो त्याच चिखलात चोच घालतात.

दिवाळे_दादूस
भावा, पागाची गोळी खाडीत राहात नाय, ती दोरीत ओवलेली असते. जाळ्याबरोबर जाते नि जाळ्याबरोबर येते. गळवाल्यांचं तुटून राहातं, ते तू त्यांना सांग. खाडीचं पानी काळं कुनी केलं त्याच्यावर पन येक धागा काड, मी येतो लिवायला.

खारफुटी
हे मान्य. काढतो.

रबाळे_शॉपफ्लोअर
पागवाले, लोखंडाच्या वजनांचा विचार केलात का? लोखंडाची घनता ७.८७, म्हणजे तेवढ्याच वजनाला दीडपटीच्या जरा आत आकार. गंजेल, पण ओतायला नको.

दिवाळे_दादूस
मोटी गोळी जाळ्याला अडकते, पाग फेकताना गुत्ता व्हतो. पाग हवेन ताटासारखा उघडला पायजे नि पडल्यावर घेर झटक्यान तळाला बसला पायजे. हलू बसला तर बोय खालून निसटते. बोय लई हुशार. शिसंच लागतं दादूस. फकस्त घरान नको. तू असं कर, साचा घेऊन रविवारी दिवाळ्याला ये. आमच्या आंगनान चूल मांडू, भरतीचा वारा असतो. पोरांना मी आत्याकडं धाडतो.

कळव्याचा_पागवाला
चार आठवडे गायब होतो, माफ करा.

गॅलरीत केलं नाही. बायकोला ताईंची पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणाली, "बरं झालं मी विचारायच्या आधी तू सांगितलंस." पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवाळ्याला गेलो. पहिला रविवार पावसात गेला, नुसती सुकटीची चटणी आणि भाकरी खाऊन परत आलो. दुसऱ्या रविवारी उघडीप. दादूसनी अंगणात विटांची चूल मांडली होती. जुन्या गोळ्या थंड पातेल्यात भरल्या, चाकांची निवडलेली वजनं वरून, मग जाळ. नायलॉनचा धूर काळा आला, आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. वितळायला पंचवीस मिनिटं लागली. गोळ्या आधी एकमेकींवर बसून राहिल्या होत्या तशाच होत्या, काहीच होईना, आणि मग एकदम सगळ्या खाली बसल्या आणि आरशासारखं झालं. त्यात आभाळ दिसत होतं. मी वाकून बघायला लागलो, दादूसनी कॉलर धरून मागे ओढलं.

पहिल्या तीन ओतांच्या अठराच्या अठरा सुरकुतलेल्या. चौथ्यापासून साचा तापला आणि मग लय लागली. पळी, पन्हळ, मलूल होईपर्यंत थांबणं, तार ओढणं, उघडणं. साच्याच्या एका घराच्या आत बारीक खूण आहे, उलटी कोरलेली. इतकी वर्षं मला ती ओरखडा वाटत होती. गोळीवर उमटली तेव्हा कळलं, "म" आहे. माझ्या आजीचं नाव म वरून होतं. बाबांनी की आजोबांनी कोरलं, सांगायला कोणी नाही.

१६० गोळ्या धरल्या, एकेक काट्यावर तोलली. १९ ते २२ ग्रॅमच्या मधे. मळी डब्यात बंद, डब्यावर कवटीचं चित्र काढलंय, तो आणि उरलेला दांड्यांचा धातू एका ओतकामवाल्याला दिला, तो त्याच्या संकलन केंद्रावर पाठवतो. कपडे तिथेच बदलले, पिशवीत बांधून आणले, वेगळे धुतले. साचा आता घरात नाही, दादूसच्या पडवीत टांगलाय.

निवृत्त_जुळारी
उलटा "म". अरे, आम्ही जन्मभर उलटीच अक्षरं वाचली. फोटो टाक.

सानपाड्याची_आई
धन्यवाद दादा. वहिनींना नमस्कार सांगा.

शंकेखोर
आणि मासे?

कळव्याचा_पागवाला
पाग फेकायला अजून शिकतोय. पहिल्या फेकीला चंद्रकोर पडली, अर्धा घेर माझ्याच पायावर. दादूस आणि त्यांचा भाचा हसून खाली बसले. अकराव्या फेकीला ताट झालं. तीन बोय, बोटभर, सोडून दिल्या. एक चिंबोरी, ती जाळं कातरून गेली.